दर रविवारी मीठपाणी

शिंदखेडा,
रविवार, ता. १४ सप्टेंबर २०२५

चि. संघमित्रा,

आबाचा जयभीम आणि पुष्कळ आशीर्वाद. आम्ही दोघं इकडे ठीक आहोत. तूही तिकडे वसतिगृहात वेळेवर जेवत असशील असं धरून चालतो.

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. पोस्टमन दारात उभा राहून पाकीट उलटसुलट करत होता. म्हणाला, "आधारनाना, तुमच्याकडे वीजबिलाशिवाय काही येत नाही, हे कोणाचं?" म्हटलं, नातीचं, जळगावला पॉलिटेक्निकला असते, इलेक्ट्रिकलला, दुसऱ्या वर्षाला. तो सायकल वळवून गेला तरी मी सांगतच होतो.

तू लिहितेस की फोनवर आबांना निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं आजी ऐकते, म्हणून पत्र. बरोबर आहे. स्पीकर लावल्याशिवाय मला काही कळत नाही आणि स्पीकर लावला की घरात माझं खाजगी काही उरत नाही. आजीचे गुडघे कुरकुरतात, पण तोंड शाबूत आहे. तुझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी कुटून दोन डबे भरून ठेवलेत. जळगावला जाणारं कोणी मिळालं की पाठवते म्हणाली. वर्षावास चालू आहे, विहारात संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. मी जातो. मागे बसतो.

आता तुझ्या जर्नलचं. बन्सीलाल सरांनी तुला विषय दिला, ‘विद्युत जोडणीत दोन भिन्न धातू एकत्र आले तर गंज कसा टाळावा’, आणि तू तो घेऊन पुस्तकाकडे न जाता माझ्याकडे आलीस, हे वाचून मला जरा चढल्यासारखं झालं. काम सोडून सहा वर्षं झाली, तरी अजून विचारणारं कोणीतरी आहे.

नीट ऐक. दोन धातू नुसते शेजारी बसले तर काही होत नाही. त्यांना मधे पाणी लागतं. पाण्यात खार असला तर मग विचारूच नकोस. तांबं, लोखंड आणि खारं पाणी, एवढं जमलं की तिथे आपोआप एक छोटा सेल तयार होतो. बटण दाबावं लागत नाही. त्यात एक धातू मजेत राहतो आणि दुसरा झिजत जातो. तांबं नेहमी मजेत असतं. झिजतं ते लोखंड, त्याच्यावरचं जस्त, नाहीतर ॲल्युमिनियम. आपल्याकडे खांबावरून येणारी तार ॲल्युमिनियमची आणि घरातल्या मेनस्विचची पट्टी तांब्या-पितळेची, म्हणून सगळ्यात जास्त भांडण तिथेच. एका पिठाच्या गिरणीत मी तीनदा गेलो होतो. दर वेळी मालक म्हणायचा, लोड जास्त होतो. तिसऱ्यांदा नट उघडला तर आत पांढरी भुकटी, गव्हाच्या पिठासारखी. जोड तापून तापून काळा पडला होता आणि हा बाबा मोटार बदलायला निघाला होता.

टाळायचं कसं, तर शक्य असेल तिथे एकच धातू वापरायचा. ते जमत नसेल तर मधे तिसऱ्याला बसवायचं. तुझ्या पणजीचं तांब्याचं पातेलं आठवतं का, त्याला दर वर्षी कल्हई लागायची, नाहीतर ताक कळकायचं. तेच इथे. तांब्याच्या थिंबलला कारखान्यातूनच कल्हई होऊन येते. तारेच्या टोकाला दाबून बसवायची ती टोपी. ती पांढरी दिसते म्हणून हल्लीची पोरं तिला ॲल्युमिनियम समजतात. ॲल्युमिनियमला तांबं जोडायचं असेल तर बायमेटलची थिंबल मिळते, एका अंगाला हा धातू, दुसऱ्या अंगाला तो. जोडायच्या आधी कानशीनं घासायचं, लगेच ग्रीस लावायचं, पाणी शिरणार नाही असं गुंडाळायचं. आणि जोड कधीही मातीत गाडायचा नाही. वर, डोळ्यासमोर ठेवायचा. हे शेवटचं तुझ्या पुस्तकात असेल-नसेल, पण लिही.

पत्राच्या तळाशी तू एक ओळ लिहिली आहेस. "आबा, सर म्हणतात अर्थिंग चांगली असेल तर उपकरणाच्या पत्र्यात करंट उतरला तरी तो जमिनीत जातो, फ्यूज उडतो आणि माणूस वाचतो. जामनेरच्या घराची अर्थिंग तर तुम्ही केली होती. मग मम्मीनं कूलरला हात लावला तेव्हा फ्यूज का उडाला नाही?"

ह्याचं सावकाश लिहीन. विषय मोठा आहे. कूलरचा पंप खराब होता हे तुला माहीतच आहे.

तुझे पप्पा धुळ्याच्या देवपूरहून परत वसतिगृहाच्या गेटवर आले होते आणि तू खाली गेली नाहीस, असं लिहितेस. त्यावर मी काय लिहिणार. आजीला हा परिच्छेद वाचून दाखवलेला नाही.

जर्नल स्वच्छ अक्षरात लिही. आकृती पेन्सिलीनं काढ.

तुझा,
आबा
(वायरमन, निवृत्त, पण विचारलं तर सांगतो)


शिंदखेडा,
रविवार, ता. ५ ऑक्टोबर २०२५

चि. मित्रा,

जयभीम. आजी बरी आहे. चटणीचे डबे अजून इथेच आहेत.

तुझं दुसरं पत्र दहा दिवस माझ्या शर्टाच्या खिशात आहे. धुवायला टाकताना एका शर्टातून काढतो, दुसऱ्यात ठेवतो. त्यात तीनच ओळी आहेत आणि त्या मला पाठ झाल्या आहेत. "आबा, दोन धातू आणि खारं पाणी असं तुम्ही लिहिलंत. मग अर्थिंगच्या खड्ड्यात आपण मीठपाणी का घालायचो? पाइप कशाचा होता आणि तार कशाची? बारा तारखेला रविवारी सरांकडून अर्थ टेस्टर घेऊन मी जामनेरला जाणार आहे, मोजून बघते."

पाइप लोखंडाचा होता, जस्त चढवलेला. तार तांब्याची होती. जोड मातीत होता.

आता सगळं सांगतो. मधे थांबू नकोस, कारण मी थांबलो तर परत लिहिणार नाही.

२०१२ साली तुझ्या पप्पांनी जामनेरला घर बांधलं. तू चार वर्षांची होतीस. पूर्ण वायरिंग मी केलं, माझ्या लेकीच्या घरात दुसऱ्या कोणाला मी पक्कड लावू देणार नव्हतो. अर्थिंगला सगळे लोखंडाच्या पाइपाला लोखंडाची तार जोडतात. मीही जन्मभर लोकांच्या घरी तेच केलं. पण माझ्याकडे एका मोठ्या कामावरची जाड तांब्याची तार उरली होती, आणि मला वाटलं, दिपमालाच्या घराला तांबं घालावं. लोकांच्या घरी लोखंड, माझ्या लेकीच्या घरी तांबं. बाप वायरमन असल्याचा काही उपयोग दिसावा. ती मागच्या दारात उभी राहून हसत होती. म्हणाली, "बाबा, इतलं तांबं मातीमा गाडतस का? त्यापेक्षा माले हंडा लई देवाना व्हता."

मधे बसवायची कल्हईची थिंबल माझ्या पिशवीत नव्हती. ती धुळ्याहून आणायची राहिली होती. दुसऱ्या दिवशी गृहप्रवेश, भन्तेजी येणार, परित्राण पाठ, मंडप, पन्नास माणसं, आणि मागच्या अंगणात कमरेएवढा खड्डा उघडा. तू सारखी त्या खड्ड्याकडे धावायचीस. मी तार पाइपाला गुंडाळली, लोखंडी क्लॅम्पनं आवळली, कोळसा-मीठ भरलं, माती लोटली. पुढच्या खेपेला थिंबल घेऊन येतो आणि जोड वर काढतो, असं मनात म्हटलं. पुढच्या खेपेला दिपमालानं भरीत-भाकरी केली होती. मी जेवलो, झोपलो, परत आलो. अशा सात वर्षांत किती खेपा झाल्या ते मोजलेलं नाही.

मीटरसाठी टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो, तो तू शिकली असशील. त्यात अर्थिंग मोजून आकडा लिहायचा असतो. माझ्याकडे टेस्टर नव्हता. मी दोन ओहम लिहिलं आणि सही केली. सगळे तसंच करतात, असं त्या वेळी म्हणत होतो.

आणि मागच्या भिंतीवर ऑइलपेंटनं मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘अर्थिंग. दर रविवारी दोन बादल्या मीठपाणी.’ आपल्या खानदेशात उन्हाळ्यात जमीन इतकी सुकते की अर्थिंग धरत नाही, म्हणून मीठपाणी. सगळेच घालतात. लोखंडाला लोखंड जोडलेलं असतं तर पंचवीस वर्षं काही झालं नसतं. इथे मात्र तेच झालं, जे मी तुला मागच्या पत्रात मोठ्या हुशारीनं समजावून सांगितलं. मागचं पत्र लिहिताना मला हे दिसत नव्हतं असं समजू नकोस. दिसत होतं. लिहायचं थांबता येत नव्हतं, इतकंच.

तुझी मम्मी कोणाचं न ऐकणारी. साखर कमी खा म्हटलं तर दोन चमचे जास्त घालायची. पण बापानं भिंतीवर लिहिलं म्हणून सात वर्षांत तिनं एकही रविवार चुकवला नाही.

२१ मे २०१९, मंगळवार. दुपारचं ऊन तुला माहीत आहे कसं होतं. तू शाळेच्या सुट्टीत घरातच होतीस, त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. कूलरमधे नवा पंप तुझ्या पप्पांनी आदल्या दिवशी बाजारातून आणून स्वतः बसवला होता. त्याचं वेष्टण आत कुठेतरी फुटलं आणि पत्र्यात करंट उतरला. ते खरं आहे. पण तसं झालं तर करंट जमिनीत जावा, फ्यूज उडावा आणि घरात अंधार होऊन दिपमालानं वैतागून मला फोन लावावा, म्हणून तर अर्थिंग असते. फ्यूज उडाला नाही. ती ओल्या फरशीवर उभी राहून कूलरमधे पाणी ओतत होती.

पोलीस पंचनाम्याला आले तेव्हा मी पोचलो होतो. त्यांनी विचारलं, घराचं वायरिंग कोणाचं? म्हटलं, माझं. अर्थिंग? म्हटलं, एक नंबर, मीच केली आहे, दोष पंपाचा. तुझे पप्पा भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि परत खाली घातली. त्या वेळी मी खोटं बोलत नव्हतो, मित्रा. मला खरंच तसं वाटत होतं. एवढं एक वाक्य मी माझ्या बाजूनं लिहितो, बाकी सगळं विरुद्ध आहे.

पाचव्या दिवशी जलदान विधी झाला. माणसं पुढच्या अंगणात होती. माझ्या डोक्यात तोच प्रश्न, जो आता तू विचारलास. फ्यूज का उडाला नाही. मी मागे गेलो आणि खुरप्यानं माती काढली. क्लॅम्प हातात आला तो पापडासारखा मोडला. पाइपाचं तोंड खाल्लं गेलेलं, तांबड्या गंजाचे पापुद्रे, आणि त्यात तार नुसती सैल उभी. तांब्याला काही झालेलं नव्हतं. बोटानं पुसलं तर चमकलं.

मी ते झाकलं. माती पायानं दाबली. हात धुतले आणि पुढे जाऊन बसलो. तुझी आजी आलेल्या बायांना सांगत होती, "त्यानं नाव मना घरमा काढानं नही. मनी आंडेर खादी त्यानी." लेक खाल्ली ती तुझ्या पप्पांनी, असं तिचं म्हणणं होतं, आणि मी शेजारी बसून ऐकून घेतलं.

त्या दिवसापासून खोटं सुरू झालं. तुला आम्ही शिंदखेड्याला आणलं. तुझे पप्पा दोनदा तुला न्यायला आले. आजी दारात आडवी झाली आणि तू आतल्या खोलीतून ओरडलीस, मला पंपवाल्याकडे जायचं नाही. दहा वर्षांच्या पोरीला तो शब्द कोणी शिकवला? मी शिकवला नाही. पण मी तो चुकीचा आहे असंही म्हटलं नाही. नंतर ते नोकरी सोडून देवपूरला एका झेरॉक्सच्या दुकानात लागले, जामनेरच्या घराला कुलूप पडलं. मी काम सोडलं. लोक म्हणतात, लेक गेली आणि आधारनानांनी पक्कड खाली ठेवली, केवढी माया. विहारात रोज पंचशील म्हणतो तेव्हा चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या शीलाला, माझे फक्त ओठ हलतात. म्हणून मागे बसतो.

२०२२ साली घरात भाडेकरू आले. तेव्हा मी जाऊन मेनस्विचजवळ आरसीसीबी बसवून दिला, तू शिकली आहेस ते काय करतं. अर्थिंग नसली तरी करंट गळताच ते लाइन तोडतं आणि माणूस वाचतो. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. खड्ड्याला हात लावला नाही, कारण नवा जोड दिसला असता तर कोणीतरी विचारलं असतं की जुन्याला काय झालं होतं.

आता गेल्या आठवड्याचं. तुझ्या तीन ओळी आल्या आणि मी घाबरलो. एकोणतीस तारखेला, सोमवारी, आजीला दवाखान्याचं सांगून जामनेरला गेलो. पिशवीत लोखंडी तार, नवा क्लॅम्प, थिंबल, ग्रीस. तुझ्या आधी जाऊन जोड करायचा, मातीत लोळवून जुना दिसेल असा करायचा, आणि टेस्टरला चांगलं रीडिंग द्यायचं. वाट्टेल ते कारण सांगत नाही, ह्यासाठीच गेलो होतो.

खड्डा उकरत होतो तर भाडेकरूंची म्हातारी, झुंबरबाई, बादली घेऊन आली. बादलीत मूठभर मीठ. काल पाहुण्यांमुळे राहिलं म्हणे, आज टाकते. मी विचारलं, कोणी सांगितलं टाकायला? ती म्हणाली, "बाबा, भिंतीवर लिहेल हाये ना. ज्यानं लिहेल असंल त्याले समजत असंल." माझी अक्षरं आहेत हे तिला माहीत नव्हतं. ती माझ्यासमोर खड्ड्यात बादली ओतू लागली, मी तिचा हात धरला आणि तिथेच मातीत बसलो. तिला वाटलं ऊन लागलं. तिनं मला आत नेऊन कूलरसमोर बसवलं.

त्याच कूलरच्या जागी, खिडकीत.

परत बाहेर येऊन जोड केला तो लपवायचा केला नाही. पाइपाचं खाल्लेलं तोंड कापलं, लोखंडाला लोखंड घातलं, जोड जमिनीच्या वर डबीत घेतला, ग्रीस भरलं. तांब्याची तार घरापर्यंत काढून टाकली. भिंतीवरचा ‘मीठ’ शब्द पत्र्यानं खरवडला. आता नुसतं ‘दोन बादल्या पाणी’ उरलं आहे. तेरा वर्षांपूर्वी करायचं काम दीड तासात झालं.

जळगावला बस बदलली. तुझं वसतिगृह स्टँडपासून रिक्षानं दहा मिनिटं. गेलो नाही. देवपूरला उतरलो.

तुझे पप्पा मशीनवर होते, कॉलेजच्या पोरांच्या नोट्स काढत होते. केस पार पांढरे झालेत. मला पाहून आधी त्यांनी विचारलं, "मित्रा बरी आहे ना?" मी दुकानामागच्या बाकावर बसून त्यांना सगळं सांगितलं, जसं तुला सांगतो आहे. मला वाटत होतं, ते माझी गचांडी धरतील. धरली असती तर बरं झालं असतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मीठ कोण टाकायचं, आठवतंय ना आबा?"

मला आठवत होतं. बादली मम्मीची आणि मूठ तुझी. तुला ते काम आवडायचं, रविवारी सकाळी उठल्याबरोबर मिठाच्या बरणीशी जायचीस. मिठानं जोड खाल्ला हे कळलं की तू ते स्वतःवर घेशील, हे तुझ्या पप्पांनी माझ्या तोंडचं वाक्य संपायच्या आत ओळखलं. ते म्हणाले, "टेस्टर आता चांगलंच दाखवेल ना? मग दाखवू द्या. ती मोजेल, पंपाचाच दोष होता म्हणेल, आणि विषय संपेल. माझ्यावर राग धरायची तिला सवय झाली आहे. स्वतःवर धरायची होऊ देऊ नका."

मी म्हटलं, प्रशील, तुमचा दोष नव्हता. तर म्हणाले, "पंप मीच आणला होता ना? तो फुटलाच ना? तुम्ही सहा वर्षांनी येऊन सांगितलं म्हणून माझं काय बदललं, सांगा. दिपमाला यायची आहे का?" आवाज चढवलेला नव्हता. मग त्यांनी मला चहा पाजला, स्टँडवर आणून बसमधे बसवलं आणि खिडकीतून सांगितलं, ह्या बाजूला ऊन येईल, पलीकडे बसा.

तर तुझ्या बापाचं म्हणणं असं आहे. मी ते मोडतो आहे. त्यांना वाचवायला मोडतो असं म्हणायचीही सोय नाही, ते वाचण्याच्या पलीकडे गेलेत, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मी मोडतो आहे कारण बारा तारखेला तू टेस्टर लावशील, काटा चांगला आकडा दाखवेल, तू तो वहीत लिहिशील आणि खाली तुझी सही करशील. तो आकडा २९ सप्टेंबरचा आहे. २१ मे चा नाही. एकदा एका कागदावर मी न मोजता सही केली. आता तू मोजूनही खोटी सही करशील, आणि ती माझ्यामुळे असेल. ते मला बघवणार नाही.

मुठीचं आता ऐक. तू चार वर्षांची होतीस, मग पाच, मग सहा. वायरमन आबानं भिंतीवर लिहिलं होतं. मिठाचा दोष नाही, मुठीचा नाही, बादलीचा नाही. हे मी शंभर वेळा लिहिलं तरी तू रविवारी सकाळी ते आठवणारच, हेही मला माहीत आहे. तुला ह्यातून सोडवायचा उपाय माझ्याकडे नाही. शोधला. दहा दिवस दुसरं काही केलं नाही.

तुझ्या पहिल्या पत्रात होतं की वर्गात तुला सगळे विचारतात, तुला एवढं कसं येतं, आणि तू सांगतेस, आमच्या आबांनी शिकवलं. आता सांगू नकोस.

जुना क्लॅम्प आणि तारेचा तुकडा मी फडताळात पिशवीत ठेवला आहे. जर्नलला नमुना म्हणून लागला तर कोणाला तरी पाठवून मागवून घे. तू स्वतः येशील असं मी धरत नाही.

एकच मागतो, मागायचा हक्क नसताना. पुढच्या खेपेला ते गेटवर आले तर खाली जा. बोलू नकोस हवं तर. ते तुला काही सांगणार नाहीत, पंप माझाच होता म्हणतील. ऐकून घे आणि परत वर जा. कदाचित ते आता येणारही नाहीत, मी त्यांचा शब्द मोडल्याचं कळल्यावर. तसं झालं तर तेही माझ्याच खाती धर.

हे पत्र उद्या सकाळी स्पीड पोस्टानं टाकतो, म्हणजे बारा तारखेच्या आत मिळेल. टाकून घरी आलो की आजीला सांगणार आहे. बेचाळीस वर्षं संसार झाला. ती काय करेल ते मला माहीत नाही. सध्या ती आत तुझ्या चटणीच्या डब्यांवर चिठ्ठी चिकटवते आहे.

टेस्ट रिपोर्ट दुरुस्त करून खाली देतो. २०१२ चा फाडून टाक असं सांगितलं असतं, पण तो कार्यालयात आहे.

जागा : दिपमाला व प्रशील यांचं घर, जामनेर.
अर्थिंगचा जोड : तांबं आणि लोखंड. मधे काही नाही. मातीखाली.
मोजणी : केली नाही.
२१ मे २०१९ रोजी अर्थिंग : नव्हती.
हे माहीत असलेला माणूस : एक.
माहीत झाल्याची तारीख : २५ मे २०१९.
सांगितल्याची तारीख : ५ ऑक्टोबर २०२५.

सही,
आधार, वायरमन
दिपमालाचा बाप